बनुबाईचं भगुनं

बेलापूर,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

महेंद्र,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे, पण आज तो शब्द हातातून उतरत नाहीये. म्हणून लिहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर टाकलेलं वाचत नाहीस, की वाचून न वाचल्यासारखं दाखवायची काही सोय निघाली आहे, ते मला कळत नाही. पोस्टमन मात्र कुणाचं कुणाशी भांडण आहे ते बघत बसत नाही, पत्र टाकतो आणि जातो. म्हणून आंतरदेशीय पत्र आणायला गेले. पोस्टातली मुलगी म्हणाली, "मावशी, अजून कोन लिहितं पत्र?" मी म्हटलं, ज्यांचे भाऊ रागावून नागापूरला बसतात त्या बहिणी लिहितात.

मुद्द्यावर येते. मला आईचं पितळी भगुनं परत पाहिजे.

बाकी काही मागत नाही. बंब ठेवा, पाटा-वरवंटा ठेवा, पितळी स्टोव्ह ठेवा. तुझ्या लेकाने आणि सुनेने भंडारदऱ्याला पाहुण्यांसाठी घर काढलंय, त्यात त्या वस्तू शोभतात म्हणे. शोभू देत. पण भगुनं चहाचं आहे, ते शोभेचं नाही.

मार्चमध्ये मी मोतीबिंदूसाठी श्रीरामपूरला गेले, डोळ्याला पट्टी लावून घरी आले, आणि उरलेल्या एका डोळ्याने बघते तर फळ्या मोकळ्या. चोर आले म्हणून मी ओरडणार होते. शेजारच्या लंकाबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "आवो, चोर न्हाई. तुमचा भाचा सम्राट टेम्पो घिऊन आल्ता. म्हेंद्रदादानंच धाडलंय म्हनला." एवढं ऐकल्यावर मी तुला फोन करून जे बोलले ते बोलले. आई जाऊन चार महिने झाले नाहीत तर घर लुटलंस, असं म्हणाले. तू फोन ठेवलास. तो ठेवलेलाच आहे.

मी तेव्हापासून स्टीलच्या पातेल्यात चहा करते. स्टीलच्या पातेल्यात चहा उकळतो, पण होत नाही. कडेला जळतो, मध्ये कच्चा राहतो, आणि वर लक्ष नसलं की दोन सेकंदात ओट्यावर. भगुन्यात कसा सावकाश वर यायचा, काठापर्यंत येऊन थांबायचा, जणू विचारायचा की येऊ का. मग गवती चहाची पात टाकायची, झाकण ठेवायचं, झाकणावर थेंब जमायचे. ते झाकणही नेलंय तुमच्या लोकांनी. तुला या सगळ्यात काय विशेष असं वाटेल. पण त्याच चहासाठी तू दर रविवारी नागापूरहून गाडी हाणत यायचास. आल्या-आल्या बशीत ओतून फुरके मारायचास, आणि आई म्हणायची, "हळू रं, कुनी हिसकावून घेत न्हाई."

तू येत नाहीस याचं मला काही नाही. उलट रविवारी मी मोकळी असते. आज सकाळी कप दोन मांडले गेले, पण ते सवयीने.

तेवीस नोव्हेंबरला आईचं पहिलं पुण्यस्मरण. त्या दिवशी दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्या भगुन्यातला चहा मिळाला पाहिजे. आजीपासून या घरात तसंच चालत आलंय. त्याच्या आधी ते पाठव.

यशोधरा


बेलापूर,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

महेंद्र,

जय भीम. तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी लिहायला तीन आठवडे लागले म्हणजे तब्येत बरी असावी.

तू लिहितोस, "अक्का, भगुन्याचं बूड कागदाएवढं राहिलंय. मी बोटाने तपासलंय. पुन्हा गॅसवर चढलं की ते गेलं. आईची तेवढीच खूण आहे, शाबूत राहू दे. तिकडे सूनबाई रश्मी जिवापाड सांभाळते."

जन्मभर कारखान्यात फिटर होतास, त्यामुळे पत्रा किती जाड आणि किती पातळ हे तुला मी सांगावं असं नाही. बूड झिजलंय ते मलाही ठाऊक आहे. आईच्या शेवटच्या वर्षात दोनदा गॅसवर थेंब पडलेला मी पाहिला होता. पुसून टाकला, आईला बोलले नाही. पण मला सांग, ते बूड झिजवलं कुणी? उंदरांनी? आईने राखेने आणि चिंचेने रोज घासून घासून झिजवलंय ते. आईचा हात त्या भांड्यावर कुठे असेल तर तो त्या झिजेतच आहे. आणि तू म्हणतोस, आता पुढे झिजायला नको.

तुला भगुन्याची गोष्ट माहीत नाही असं धरून सांगते. माहीत असती तर दिलं नसतंस.

आपल्या सोपान आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देवळीतले सगळे देव पाटीत भरले आणि प्रवरेत सोडायला निघाले. आळीतले सगळेच सोडत होते. बनुबाई आजी आडवी झाली. तिचा धम्माला विरोध नव्हता, पितळ पाण्यात घालायला विरोध होता. म्हणाली, "पितळ हाय ते. त्यानं काय वाकडं केलंय?" आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली ती थेट कासाराच्या दुकानापुढे. मागून आजोबा, आणि नवी नवरी असलेली आपली आई. ती हे सांगताना दर वेळी उठून उभी राहायची, तुला आठवत असेल.

कासार म्हणाला, "बाई, देव मोडीत घालतीस व्हय?" आजी म्हणाली, "वजन करा. आमच्याकडं त्यांला काम ऱ्हायलं न्हाई." कासाराने देव दोन्ही हातांनी उचलून घेतले, कपाळाला लावले, तागडीत ठेवले. त्या वजनाचं भगुनं मात्र तिच्या हातात दिलं नाही. खाली जमिनीवर ठेवलं आणि काठीने पुढे सरकवलं. म्हणजे तिच्या घरात राहून आलेले देव त्याला चालले, तिचा हात चालला नाही.

आजीने ते उचललं, घरी येऊन घासलं, आणि त्यात चहा टाकला. तोवर गावात आपल्या माणसाला चहा मिळायचा तो दाराबाहेर, कान तुटलेल्या कपात, आणि कप आपणच धुऊन पालथा घालायचा. आजीने त्या दिवशी नियम केला की आपल्या दारात कुणीही येवो, कुठल्याही जातीचा येवो, त्याला याच भगुन्यातला चहा, आणि सगळ्यांना सारखे कप. पिणारा पिईल, न पिणारा जाईल. पहिली काही वर्षं बरेच जण तहान नाही म्हणून गेले. पुढे तोच कासार म्हातारपणी आपल्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेला, आणि आजीने त्याला बिस्किटही दिलं. मी असते तर दिलं नसतं.

घासता घासता आजी म्हणायची, "देव व्हते तवर नुसतं घासायचं काम हुतं. आता घासलं तर च्या तरी मिळतो."

आणि आईचंही ऐक. तिला मी एकदा म्हटलं होतं की भगुनं जपून ठेवू, स्टीलचं वापरू. ती म्हणाली, "वापरलं तर झिजंल, ठिवलं तर काळं पडंल. जायाचं ते जानारच हाय. मग च्या पिऊन जाऊ दे की."

आता तू मला बुडाची जाडी सांग.

यशोधरा


बेलापूर,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

महेंद्र,

जय भीम. मी भंडारदऱ्याला जाऊन आले. तीन एसट्या बदलल्या, अकोल्याच्या पुढे वळणांनी पोटातलं सगळं वर आलं, आणि शेंडी गावात उतरले तेव्हा पाऊस असा आडवा की छत्रीचा काही उपयोग नाही. सम्राट न्यायला आला होता. पोरगा भिजत उभा होता आणि मी पहिलं वाक्य बोलले, "भगुनं कुठाय?" तो म्हणाला, "आत्या, आधी गाडीत तर बस."

घरावर पाटी आहे, 'आजीचं घर'. आजीच्या घराच्या फळ्या बेलापूरला रिकाम्या पडल्यात आणि पाटी भंडारदऱ्याला.

आता आत काय काय पाहिलं ते ऐक. आपला पाटा दाराशी पायरी झालाय. लोक त्यावर पाय पुसून आत येतात. बंबात हिरवा वेल लावलाय. स्टोव्हच्या डोक्यात बल्ब. आणि पोळपाट भिंतीवर टांगून त्याला काटे बसवलेत, त्याचं घड्याळ केलंय. तो पोळपाट, ज्याचा एक पाय आखूड होता आणि पोळी लाटताना टक टक वाजायचा. शाळेतून येताना मला दारातूनच कळायचं की आई पोळ्या लाटतेय. आता तो टिक टिक करतो. मी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसले आणि मला हसावं की रडावं ते कळेना.

पण एक खरं सांगते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. दिसतं छान. इथेच माझी पंचाईत झाली. मी तिथे भांडायला गेले होते, आणि रश्मीने एकेक वस्तू अशी लखलखीत ठेवलीय की माझ्या हातून कधी झालं नसतं. कंदिलाची काच ती रोज पुसते. आईची गोधडी उसवली होती ती तिने हाताने शिवलीय. टाके वाकडे आहेत, पण शिवलीय. पुण्याहून आलेल्या एका बाईला ती आईचा फोटो दाखवून सांगत होती, "या आमच्या आजी, भामाबाई."

मग भगुनं दिसलं.

जेवायच्या खोलीत एक कोनाडा केलाय. त्यात भगुनं. वरून पिवळा दिवा. भोवती झेंडूची माळ. कसलंसं पॉलिश मारून असं चमकवलंय की त्यात तोंड दिसावं. आणि आत नाणी. मी विचारलं, नाणी कशाची? रश्मी म्हणाली, "पाहुणे टाकतात, आत्या." आम्ही बोलतोय तोच एक गृहस्थ नाष्ट्याला आले, चप्पल बाजूला काढली, कोनाड्याला नमस्कार केला, आणि मग पोहे मागितले.

मी रश्मीला बाहेर ओढीत नेलं आणि म्हटलं, हे काय आहे? पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, "आत्या, बाबा म्हणाले होते यात आजीचे देव आहेत. म्हणून मी उंचावर ठेवलं. मी तर कुणाला हातही लावू देत नाही."

महेंद्र, तू तिला काय सांगितलंस? तू अर्धंच सांगितलंस. नेहमीसारखं. 'देवांचं भगुनं' म्हणालास आणि गाडीला किक मारून निघून गेलास. त्या पोरीची काय चूक? तिने तिच्या समजुतीने मान दिला. देव आहेत म्हटल्यावर कुणीही फूल वाहील. मी तिला बसवून सगळं सांगितलं. म्हटलं, बाळा, त्यात खंडोबा नाही आणि मरीआई नाही. वितळवून केलेलंही नाही ते. देव कासाराकडे राहिले, त्याने फळीवरचं तयार भांडं खाली काढलं. साधं, दहा घरांत असतं तसलं. देवळी रिकामी करून तुझ्या आजेसासूच्या सासूने चहाचं भांडं घेतलं, आणि तुम्ही त्या भांड्यासाठी पुन्हा देवळी बांधली.

रश्मी उठली, माळ काढली, दिवा बंद केला. नाणी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातावर ठेवली. मग तिने तुला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "बाबा, आत्या भगुनं मागतात." तिकडून तुझा आवाज मला ऐकू आला. मार्चनंतर पहिल्यांदा. तू म्हणालास, "नको. फुटंल ते." आणि फोन ठेवलास. मी आहे का तिथे, बरी आहे का, पावसात कशी आली, एक शब्द नाही.

मी दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परत आले. सूनबाईला तुझ्याविरुद्ध करून भांडं आणलं, असं मला नको होतं.

सकाळचं एक राहिलं. निघायच्या आधी अंघोळीला गीझरचं पाणी काढायला गेले, तर सम्राट म्हणाला, "आत्या, थांब." बघते तर त्याने बंबातला वेल उपटून बादलीत ठेवला होता, मधल्या नळीत कोळसे आणि काटक्या घालून बंब पेटवला होता. धुराने त्याचे डोळे लाल. पाणी आलं ते धुराच्या वासाचं, आपल्याकडे थंडीत यायचं तसं. आई म्हणायची, "आधी भावाला घालू दे, त्याला शाळा हाय," आणि मी चिडायची, कारण शाळा मलाही होती. मी न्हाणीत बसून रडले. पाणी तोंडावर घेत होते म्हणून कुणाला कळलं नाही. तुला कळवतेय ते का कळवतेय, मला माहीत नाही.

यशोधरा


बेलापूर,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

महेंद्र,

जय भीम. सोबत पुण्यस्मरणाची पत्रिका आहे. खाली तुझं नाव आधी घातलंय, माझं नंतर. छापणाऱ्याने तसं केलं, मी दुरुस्त केलं नाही.

मी हट्टी आहे असं तू नात्यात सांगत फिरतोस असं कळलं. म्हणून मी हट्ट सोडून पाहिला. श्रीरामपूरला भांड्यांच्या दुकानात गेले आणि नवं पितळी पातेलं मागितलं. मालक म्हणाला, "शोसाठी पाहिजे का गिफ्टसाठी?" मी म्हटलं, चहासाठी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पालखीत बसून बाजारात आले. म्हणाला, "त्याला आतून कल्हई लागती मावशी, आता कोन करतं. हे घ्या, नॉनस्टिक." मी पाणीसुद्धा न पिता बाहेर पडले. रस्त्यात एकटीच बडबडत होते. एक बाई लेकराला घेऊन बाजूला सरकली.

वैताग आलाय मला. तुझा आलाय, माझा आलाय, त्या स्टीलच्या पातेल्याचा आलाय. परवा ते ओट्यावर आपटलं तर त्याला पोचाही आला नाही.

आता शेवटचं सांगते. भगुनं आलं नाही तर तेवीस तारखेला चहा होणार नाही. वंदना होईल, जेवण होईल, पाणी मिळेल. भामाबाईच्या घरून लोक चहा न घेता गेले असं गावात होईल. बनुबाईच्या दारातून कुणी चहाशिवाय गेलं तर ते त्याच्या मर्जीने गेलं, तिने कुणाला तसं पाठवलं नाही. या वेळी आपण पाठवू, तू आणि मी मिळून. निदान एक काम तरी मिळून केल्यासारखं होईल.

तू आलास तर ये. जिना चढताना पहिली पायरी उजव्या बाजूला हलते, तिकडे पाय देऊ नको.

यशोधरा


बेलापूर,
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

महेंद्र,

सप्रेम जय भीम.

काल मी फोन केला असता तर तू उचलला असतास हे मला ठाऊक आहे. पण फोनवर मी भलतंच बोलते, हे आपण दोघांनीही पाहिलंय. म्हणून पुन्हा पत्रच.

आधी भांडण संपवून घेते. परवा सकाळी रश्मी आली, पिशवीतून भगुनं काढलं आणि म्हणाली, "आत्या, आत बघा." आत पांढरीशुभ्र कल्हई. बाहेरचं पॉलिश घासून काढलेलं. मी म्हटलं, पोरी, सासऱ्याला न विचारता आणलंस? तर म्हणाली, "बाबांनीच नगरला नेऊन करून आणलं. कल्हई होईस्तोवर तिथंच उभे होते. मला म्हणाले, तूच दिलंस म्हणून सांग, माझं नाव घेऊ नको." रश्मीच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तुला एव्हाना कळायला पाहिजे होतं. तिला मी सांगितलं की मीही तुला सांगणार नाही. हे बघ, सांगितलं.

तू मांडवात मागच्या खुर्चीवर बसलास. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं तेव्हा माझं लक्ष वंदनेत कमी आणि तुझ्याकडे जास्त होतं. वाळलायस. दाढीही नीट केली नव्हतीस. आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावताना माझ्या शेजारी उभा राहिलास, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, झालं. आता हा जेवेल, गाडी काढेल आणि जाईल. पुढच्या वर्षी पत्रिका पाठवायची की नाही एवढंच ठरवायचं राहिलं.

मग मी चहा ठेवला. काठोकाठ भरला, मांडवात पन्नास-साठ माणूस होतं. पहिली उकळी आली तोवर काही झालं नाही. मी मनात म्हटलं, बघ फिटरसाहेब. आणि तेवढ्यात खाली चर्र झालं.

थेंब. मग दुसरा. मग गॅसच्या जाळावर सारखं चर्र चर्र. स्वयंपाकघरात लंकाबाई होत्या, रश्मी होती. रश्मीने तोंडावर हात ठेवला. मी तशीच उभी. खरं सांगू, मला त्या क्षणी भगुन्याचं वाईट वाटलं नाही. तू बरोबर ठरलास, आणि आता तू कायमचा बरोबर राहशील आणि येणार नाहीस, याची भीती वाटली.

तू बाहेर होतास. मांडवात लोक बोलत होते, पोरं ओरडत होती, तरी तुला ते चर्र ऐकू गेलं. कारखान्यात कान तयार झालेले. तू आत आलास, बुडाखाली वाकून पाहिलंस, आणि म्हणालास,

"अक्का, गॅस बारीक कर. अन् अर्धंच भर."

मी बारीक केला. तू अर्धा चहा काढून घेतलास. म्हणालास, "बूड न्हाई, भोक वरच्या अंगाला हाय, कडंला. अर्धं भरलं तर गळत न्हाई." आणि शर्टाच्या बाह्या वर करून तिथेच उभा राहिलास. अर्धं भगुनं, मग अर्धं भगुनं, मग अर्धं भगुनं. मी साखर टाकत होते, तू ढवळत होतास, रश्मी गाळत होती, सम्राट नेत होता. माणसं जेवून ताटकळली, कुणी कुरकुर केली नाही. मला वाटतं आपण आयुष्यात एवढा वेळ शेजारी शेजारी कधी उभे राहिलो नव्हतो. सगळ्यांत शेवटी तू आईच्या जागेवर भिंतीला टेकून बसलास, बशीत ओतलास, आणि पहिल्या फुरक्याला डोळे मिटलेस. मी पाहत होते. रश्मीसुद्धा पाहत होती. तिने पहिल्यांदाच त्यातला चहा प्यायला. म्हणाली, "आत्या, हा वेगळाच लागतो." मी म्हटलं, मग मी एवढे दिवस काय बोंबलत होते?

जाताना तू भगुनं गाडीला बांधून नेलंस. मी अडवलं नाही. पण आता ऐक. भोकाला डाख लावून बघ. ओळखीचा कुणी जुना माणूस असेल तर त्याच्याकडून लावून घे, पण कारखान्यातलं वेल्डिंग मारू नको, भांडं वाकडं होईल. नाही जमलं तर मोडीत घाल. मनापासून सांगते, मला वाईट वाटणार नाही. त्या वजनाचे दोन पितळी पेले येतील, नाहीतर एखादी पळी येईल. काय येईल ते घे. कोनाड्यात मात्र जायला नको. आजी देवांपाशी अडली नाही, आपण भगुन्यापाशी कशाला अडायचं?

पोळपाटाचं घड्याळ राहू दे. त्याचे काटे काढून मी परत आणणार होते, पण रश्मीने परवा विचारलं, "आत्या, मला पोळ्या शिकवाल का त्याच्यावर?" म्हटलं, काटे काढ, मग ये. ती म्हणाली काढते. बघू.

आणखी एक. तुला वाटेल, भगुनं दुरुस्त होईस्तोवर अक्काकडे काय जायचं, तिला स्टीलमधला चहा चालत नाही. मी ऑगस्टपासून तेच सांगत आलेय, त्यामुळे तुझी चूक नाही. पण रविवारी ये. डाख लागो न लागो, भगुनं येवो न येवो. मी स्टीलच्या पातेल्यात ठेवते. समोर उभं राहिलं तर तोही उतू जात नाही.

तुझी,
अक्का